रज्जाकभाई होडेकरांचा शेरा

रज्जाकभाई होडेकर सफरचंद चावायचे आणि थुंकायचे. एकवीस वर्षं त्यांनी हेच केलं आणि कंपनीने त्यांना त्याचा पगार दिला. व्हिजिटिंग कार्डावर या कामाला 'सीनियर क्वालिटी इन्स्पेक्टर' म्हणतात.

दुबईत जबल अलीच्या फ्री झोनमध्ये आमचं कोल्ड स्टोअर आहे. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत एक. युरोपातून आलेला सफरचंदांचा कंटेनर उघडला, की रज्जाकभाई दोन स्वेटर, त्यावर जॅकेट आणि कानटोपी घालून आत शिरायचे. एक पेटी फोडायची, एक फळ उचलायचं, चाकूने आडवं कापायचं, वास घ्यायचा, चावायचं, थुंकायचं. मग माल पास की नापास, ते ठरायचं. मूळचे रत्नागिरीचे, घरी हापूसची कलमं. सफरचंद हे फळ दवाखान्यात कुणाला बघायला जाताना न्यायचं असतं, खायचं नसतं, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही.

मी त्यांचा असिस्टंट. माझं काम फोटो काढायचं. डाव्या हातात ते नापास फळ धरायचे आणि मी क्लिक करायचो. त्यामुळे कंपनीच्या सगळ्या रिजेक्शन रिपोर्टांत रज्जाकभाईंचा डावा अंगठा आहे. लहानपणी आंब्याच्या पेटीखाली सापडून त्याचं नख मधोमध दुभंगलं होतं, ते पुन्हा कधी सांधलं नाही. फोटोखाली ते आपल्या इंग्रजीत शेरा लिहायचे. फळ लहान असेल तर 'पासपोर्ट साइझ फोटो ऑफ अ‍ॅपल'. मऊ पडलेलं असेल तर 'फ्रूट इज टायर्ड. सो इज इन्स्पेक्टर.' कस्टमरला हे शेरे वाचून धक्का बसायचा आणि सप्लायरला झोप लागायची नाही.

आमचे ऑपरेशन्स मॅनेजर मेहरासाहेब. फळांतलं त्यांना काही कळत नव्हतं. हे एक सोडलं तर फळांच्या कंपनीत वर चढायला लागणारे सगळे गुण त्यांच्यात होते. एका रमजानच्या तोंडावर सुपरमार्केटची मोठी ऑफर लागली होती आणि आमच्याकडे आलेला माल पार उतरलेला. मेहरासाहेब स्वतः एक डिग्रीत आले. माल कसा आहे, हे त्यावरूनच सगळ्यांनी ओळखलं.

"रज्जाकभाई, थोडा अ‍ॅडजस्ट करो ना हबीबी. पास लिख दो."

रज्जाकभाईंनी 'पास' लिहिलं. फॉर्मवर खाली 'रीझन' असा एक कॉलम असतो, त्यात लिहिलं, 'मिस्टर मेहरा इज इन हरी.'

मेहरासाहेबांनी फॉर्म फाडला आणि नवीन दिला. रज्जाकभाईंनी तोही शांतपणे भरला. 'मिस्टर मेहरा इज इन बिग हरी.' तो कंटेनर शेवटी ज्यूसच्या कारखान्यात गेला आणि त्या वर्षी रज्जाकभाईंचं इन्क्रीमेंट कुठे गेलं, ते कुणी विचारलं नाही.

आमचा बराचसा माल यायचा इटलीच्या उत्तरेकडून, दक्षिण तिरोल नावाच्या डोंगराळ मुलखातून. सप्लायर म्हणजे तिथल्या बागायतदारांची एक छोटी सहकारी संस्था. माल शेतकरी स्वतःच तोडायचे, निवडायचे आणि पेटीत भरायचे. प्रत्येक पेटीवर शेतकऱ्याचा नंबर. त्यातला चारशे सतरा नंबर रज्जाकभाईंचा खास. त्याच्याइतका नापास कुणीच व्हायचा नाही. कधी फळाला रंग नाही, कधी साल खरबरीत, कधी गारांचे व्रण. पेटी दिसली की रज्जाकभाई म्हणायचे, "आले, चारशे सतरा आले. या, बसा."

रज्जाकभाईंची साठी पूर्ण झाली तेव्हा कंपनीने व्हिसा रिन्यू करणार नसल्याचं कळवलं. याच सुमारास कंपनीच्या लक्षात आलं, की क्वालिटीच्या माणसाने एकदा तरी बागा प्रत्यक्ष बघायला हव्यात. एकवीस वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं. आता सुचलं, आणि पाठवायचं ठरलं मला. तिकीट कंपनीचं, हॉटेल सप्लायरचं. मेहरासाहेब म्हणाले, "जाधव, यू आर द फ्यूचर." भविष्य खाली मान घालून उभं राहिलं.

रज्जाकभाईंना मी सांगितलं, तेव्हा ते डब्यातला बांगडा सोडवत होते. काटा बाजूला ठेवून म्हणाले, "कुठल्या फ्लाइटने?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच फ्लाइटची दोन तिकिटं काढली. एक स्वतःचं, एक नसीमभाभींचं.

शारजात अल नहदा भागातल्या त्यांच्या बिल्डिंगीत खळबळ माजली. आमच्याकडे युरोप म्हणजे पॅरिसचा टॉवर आणि स्वित्झर्लंडचा बर्फ. या दोन्हीशिवाय युरोपला जाणं म्हणजे लग्नाला जाऊन न जेवता येणं. त्यांची मुलगी रुबिना शारजातच जन्मलेली, ती म्हणाली, "अब्बा, नोबडी गोज टू युरोप फॉर अ‍ॅपल्स!"

"म्हणूनच तिथे गर्दी नसेल," रज्जाकभाई म्हणाले.

व्हिसा सेंटरवरच्या बाईने भेटीचा उद्देश विचारला. रज्जाकभाई म्हणाले, "टु सी अ‍ॅपल्स." बिझनेस का, तर नाही, टूरिझम. सोबत कोण, तर वाइफ. तीही सफरचंदं बघणार? "नो मॅडम, शी विल सी मी." व्हिसा मिळाला. बहुधा असं खोटं कुणी रचू शकत नाही, अशी त्यांची खात्री पटली असावी.

व्हेनिसला उतरून मी गाडी घेतली आणि आम्ही तिघं उत्तरेला निघालो. तीन तासांत मुलूख इतक्या वेळा बदलला, की भाभींनी दोनदा विचारलं, "देश बदलला काय?" आधी सपाट शेतं. मग दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ आले. मग पायऱ्यापायऱ्यांचे द्राक्षमळे, प्रत्येक टेकडीवर एक किल्ला. खाली दरीत मैलोगणती सफरचंदांच्या रांगा, वर गारांसाठी ताणलेली जाळी आणि त्यांच्याही वर बर्फ. मेरानो नावाच्या गावात तर नदीकाठी ताडासारखी झाडं निघाली. मागे हिमशिखर आणि पुढे ताड, हे बघून रज्जाकभाई म्हणाले, "अरे, शारजा म्युनिसिपालिटीचा माणूस इथेपण येऊन गेलेला दिसतोय."

पाट्या दोन भाषांत, जर्मन आणि इटालियन. हॉटेलवाली बाई जर्मन बोलायची आणि पोलीस इटालियन. पूर्वेकडच्या एका दरीत गेलो तर तिथे तिसरी भाषा, लादीन नावाची. फक्त डोंगरातल्या चार-पाच दऱ्यांतच बोलतात. गावाच्या पाटीवर गावाची तीन नावं. रज्जाकभाई बराच वेळ त्या पाटीखाली उभे राहिले.

"माणसं किती असतील इथे? हजारभर? आणि पाटीवर तिन्ही भाषा. आपल्या बिल्डिंगीत चौदा भाषा बोलतात जाधव, आणि पाटी एकच. 'नो पार्किंग'."

संध्याकाळी त्या दरीतले उघडेबोडके कडे गुलाबी झाले. जगभरचे लोक त्यासाठीच तिथे आले होते आणि कड्यांकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होते. मीही काढला. नसीमभाभी मात्र एका बाकावर बसून शेवटचा रंग जाईपर्यंत बघत राहिल्या. कॉफी घेऊ म्हटलं की त्या युरोचे दिरहम करायच्या, दिरहमचे रुपये करायच्या आणि मग तहान नाही म्हणायच्या. पण त्या बाकावरून उठताना म्हणाल्या, "हे बघायला पैसे घेत नाहीत, नवलच आहे."

तिसऱ्या दिवशी आम्ही संस्थेच्या ऑफिसात गेलो. सहकारी संस्था म्हटल्यावर मला घरच्यासारखं वाटलं होतं, पण चेअरमनचा हार घातलेला फोटो कुठे दिसेना, त्यामुळे कामकाजावरचा माझा विश्वास थोडा उडाला. तिथल्या एक्स्पोर्टच्या मोनिकाबाई एकवीस वर्षं रज्जाकभाईंचे ईमेल वाचत आल्या होत्या. त्यांनी केक केला होता, कॅटलॉग ठेवले होते, ड्रोनने काढलेला व्हिडिओ तयार होता. रज्जाकभाईंनी सगळं सभ्यपणे बघितलं आणि म्हणाले, "आय वाँट टु सी फोर वन सेव्हन."

मोनिकाबाईंचा चेहरा उतरला. पाहुण्यांना दाखवायच्या बागा वेगळ्या असतात आणि नंबर चारशे सतरा त्यांत नव्हता. पण रज्जाकभाई कॅटलॉग मिटून उभे राहिले होते.

बाग वर होती, दरीच्या सावलीच्या बाजूला, उतारावर. उभं राहिल्यावर पहिल्यांदा तेच कळलं, जे एकवीस वर्षं पेट्या फोडून कळलं नव्हतं. तिथे दुपारी दोनलाच डोंगर उन्हाच्या आड येत होता. फळाला रंग येणार कुठून? रज्जाकभाईंनी सावलीची कड बोटाने मोजली.

चारशे सतरा नंबरचे आलॉइस शिडीवरून उतरले. वय ऐंशीच्या आसपास, निळा एप्रन, पोटाला बांधलेली फळांची झोळी. मोनिकाबाई ओळख करून देणार तेवढ्यात रज्जाकभाई पुढे झाले आणि आपल्या इंग्रजीत म्हणाले, "सांगा त्यांना. मी तो दुबईवाला. नापास करणारा."

मोनिकाबाईंनी सांगितलं. आलॉइसनी रज्जाकभाईंकडे बघितलं, झोळीतून एक सफरचंद काढून दिलं. रज्जाकभाईंनी सवयीने चावलं आणि सवयीने थुंकलं. मोनिकाबाईंनी डोळे मिटून घेतले. आलॉइसनी दुसरं सफरचंद काढलं, चावलं आणि तेही थुंकले. मग दोघं एकदमच बोलले. एक जर्मनमध्ये, एक मराठीत. मोनिकाबाई म्हणाल्या, "ते म्हणताहेत, अजून चार दिवस हवेत."

"मीपण तेच म्हटलं," रज्जाकभाई म्हणाले.

घरात नेऊन त्यांनी आम्हाला बसवलं. भाभींनी खजूर आणि कैरीचं लोणचं पुढे केलं. लोणचं खाऊन आलॉइस बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग घराबद्दल बोलणं निघालं. ते म्हणाले, "माझा बाप याच खोलीत जन्मला, तेव्हा हे ऑस्ट्रिया होतं. मी याच खोलीत जन्मलो, तेव्हा हे इटली होतं. घर जागचं हललं नाही."

रज्जाकभाई म्हणाले, "आमचं उलटं. देश तिथेच आहे, घरं चार बदलली आणि व्हिसा दर दोन वर्षांनी. सांगा त्यांना."

आलॉइस हसले, उठले आणि कपाटातून एक फाइल घेऊन आले. आत आमचे रिजेक्शन रिपोर्ट. संस्थेने पाठवलेले, छापलेले, वर्षावार लावलेले. पानापानावर तोच दुभंगलेल्या नखाचा अंगठा. त्यांनी रज्जाकभाईंचा डावा हात टेबलावर ओढून घेतला, फोटोशेजारी ठेवला, निरखून बघितला आणि मान डोलावली. सही पटवून घेतात, तसं.

मग एकेक पान उलटत गेले. मोनिकाबाई सांगत होत्या, "हे बरोबर, म्हणतात. हेही बरोबर. हे जरा कडक, पण बरोबर." सात वर्षांपूर्वीच्या एका पानावर ते थांबले. त्या फोटोत चार सफरचंदं होती, चारही एका बाजूने दबून तपकिरी झालेली. खाली रज्जाकभाईंचा शेरा, 'केअरलेस पिकिंग.' निष्काळजीपणे तोडलेली.

आलॉइसनी त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं. मोनिकाबाईंनी भाषांतर करायला वेळ घेतला.

"त्या वर्षी मजूर मिळाले नव्हते. ही फळं त्यांच्या बायकोने तोडली होती. ती वसंत ऋतूत गेली, रिपोर्ट आल्यावर महिन्याभराने. ते म्हणताहेत, तोडताना लागलेला मार चहूबाजूंनी असतो. हा एकाच बाजूला आहे. पेटी पडलीय. कुठे पडली ते तुम्हाला माहीत. पण ती निष्काळजी नव्हती."

रज्जाकभाईंनी चष्मा पुसला. फोटो खिडकीशी नेला. परत आणला.

"बरोबर आहे," रज्जाकभाई म्हणाले. "डाग ताजा आहे, प्रवासातला नाही. पेटी आमच्याकडे पडली. मी बघितलं नाही. लिहून टाकलं. सांगा त्यांना, अगदी असंच सांगा. त्यात सॉरी वगैरे घालून गोड करू नका."

मोनिकाबाईंनी सांगितलं. आलॉइसनी फाइल मिटली आणि भाभींकडे लोणच्याची बरणी मागितली.

परतीच्या वाटेवर भाभी मागे बसल्या, रज्जाकभाई माझ्या शेजारी. व्हेनिस अर्ध्या तासावर आलं तेव्हा मी धीर करून सगळं सांगून टाकलं. तो फोटो मी काढला होता. नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. फोटोच्या आधल्या दिवशी फोर्कलिफ्टवरून पेट्यांचं ते पॅलेट घसरताना मी डोळ्यांनी बघितलं होतं. ड्रायव्हरने हात जोडले आणि मी गप्प बसलो. यातली दया किती आणि भीती किती, ते सांगायची मला आजही घाई नाही.

रज्जाकभाई पुढच्या रस्त्याकडे बघत होते.

"तू सांगितलं नाहीस," ते म्हणाले. "आणि मी विचारलं नाही. शेरा कोणाचा? माझा. गाडी चालव."

मागच्या सीटवरून भाभी म्हणाल्या, "त्याला थोडं पाणी द्या." बाटली माझ्या हातात देताना रज्जाकभाईंनी माझ्याकडे बघितलं नाही.

सोमवारी ऑफिसात येऊन त्यांनी सात वर्षांपूर्वीच्या मालाचा करेक्शन रिपोर्ट लिहिला. पहिल्यांदाच त्यांच्या लिहिण्यात विनोद नव्हता. 'केअरलेस पिकिंग हा शेरा मागे घेतला आहे. नुकसान आमच्या कोल्ड स्टोअरमध्ये झालं. इन्स्पेक्टरने तपासलं नाही. तो इन्स्पेक्टर मी.' मेल संस्थेला, कस्टमरला, मेहरासाहेबांना आणि कंपनीतल्या ज्या ज्या माणसाचा पत्ता त्यांच्याकडे होता त्या सगळ्यांना गेला. माझं नाव त्यात कुठेही नव्हतं.

मेहरासाहेब धावत आले. "रज्जाकभाई, ये क्या है? सात साल पुराना! खलास हो गया वो!"

"आपके लिए खलास, साहब. वो आदमी आज भी निकालके देखता है."

"आपके पंद्रह दिन बाकी हैं. चुपचाप नहीं निकाल सकते थे?"

"इक्कीस साल चुपचाप ही निकाले," रज्जाकभाई म्हणाले, आणि हे विधान इतकं खोटं होतं, की मेहरासाहेब आल्या पावली परत गेले.

दुपारी त्यांचं अ‍ॅक्सेस कार्ड बंद झालं. सेंड-ऑफचा केक रद्द झाला. निरोपाच्या कार्डावर सगळ्यांनी सह्या करून ठेवल्या होत्या, ते एचआरच्या कपाटात राहिलं. 'वुई आर अ फॅमिली' असं त्यावर छापलेलं होतं. कोल्ड रूमच्या दारावरची त्यांची दोन स्वेटरं मी पिशवीत घालून त्यांच्या घरी पोचवली. मेहरासाहेबांनी मला बोलावून विचारलं, की त्या पॅलेटबद्दल मला काही माहीत आहे का. या वेळी मी हो म्हणालो. भविष्याला एक मेमो मिळाला, आणि नोकरीही राहिली, कारण सफरचंद चावायला दुसरं कुणी शिकलेलं नव्हतं.

आठवड्याने मोनिकाबाईंचं उत्तर आलं. 'आलॉइसना पत्र वाचून दाखवलं. ते म्हणतात, मिळालं. तो कागद त्यांनी फाइलमध्ये लावला आहे. बाकीचे नकार योग्य होते, पण भाषा थोडी सौम्य चालली असती.' मी ते रज्जाकभाईंना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "त्याला सांग, फळ थोडं गोड चाललं असतं."

महिन्याअखेर मी त्यांना शारजा एअरपोर्टला सोडायला गेलो. दुपारची वेळ होती, मुंबईची फ्लाइट. रुबिना आपल्या मैत्रिणीकडे राहून नोकरी करणार होती, ती आईला धरून रडत होती आणि इंग्रजीतून रडू नको म्हणून सांगत होती. रज्जाकभाई मला काहीतरी बोलतील, असं मला वाटत होतं. मी एक वाक्य तयारही करून आणलं होतं.

तेवढ्यात रांगेत त्यांच्या पुढे असलेल्या माणसाचा खोका फुटला. पन्नाशीचा गडी, अंगावर कंपनीचा निळा युनिफॉर्म, कुठल्याशा लेबर कॅम्पमधून थेट आलेला. दुधाच्या पावडरचे डबे, साबण, एक इस्त्री, पोरीचे चकचकीत बूट, सगळं फरशीवर घरंगळलं. रांग त्याला वळसा घालून पुढे सरकू लागली. रज्जाकभाई खाली बसले.

"ये किसने भरा है?" त्यांचा आवाज रांगेच्या दोरीपलीकडे माझ्यापर्यंत आला.

"मैंने, चाचा."

"नीचे साबण और ऊपर इस्त्री? इस्त्री उडके इंडिया जाएगी क्या? हटो."

गुडघे टेकून त्यांनी सगळं बाहेर काढलं. इस्त्री तळाशी, डबे कडेने उभे, बूट मधोमध कपड्यांत गुंडाळून. तो माणूस बाजूला बसून एकेक वस्तू हातात देत होता. भाभी काउंटरवरून हाका मारत होत्या, "अहो, आपला नंबर आला!" काउंटरवरची मुलगी घड्याळ बघत होती. रज्जाकभाईंची पाठ माझ्याकडे होती. त्यांनी दोरी दोनदा फिरवली, गाठ मारली, ओढून बघितली, समाधान झालं नाही, सोडली आणि परत बांधायला घेतली.

मी निरोपाला हात वर केला होता. तो बघायला त्यांना वेळ नव्हता.